रोजचा एक डॉलर

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. धंद्यातली नीतिमत्ता म्हटलं की आपल्याकडे गप्पा लगेच दोन टोकांना जातात. एक गट म्हणतो, सगळे लुटारू. दुसरा गट कुणातरी दानशूर शेठजींची गोष्ट सांगतो आणि डोळे पुसतो. मधलं कुणी बोलत नाही. म्हणजे एखादा चांगला निर्णय घ्यायचा तर हातात आधी काय काय असावं लागतं, याबद्दल कुणी बोलत नाही. मला ते मधलंच लिहायचंय, आणि त्यासाठी हाताशी एक चांगलं उदाहरण आहे. तेही आपल्या मुंबईतलं.

६ फेब्रुवारी २००१. मुंबईच्या सिप्ला कंपनीने जाहीर केलं की एड्सच्या तीन औषधांचा वर्षभराचा डोस 'मेद्सँ सां फ्रंतिएर' या डॉक्टरांच्या संघटनेला ३५० डॉलरला देऊ. म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. तेव्हाच्या भावाने वर्षाचे साधारण १६,००० रुपये. सरकारांसाठी भाव ६०० डॉलर, घाऊक व्यापाऱ्यांसाठी १,२००. याच प्रकारच्या उपचाराचा अमेरिकेतला खर्च तेव्हा वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलर होता.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला होता. वाटलं, एखादं शून्य पडलं असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. एड्सवरचं पहिलं औषध, एझेडटी, अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये मंजूर झालं. पण एकटं औषध फार दिवस टिकत नसे. विषाणू रूप बदलायचा आणि औषध निकामी व्हायचं. १९९६ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र देण्याचे निकाल पुढे आले आणि चित्र पालटलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जायला लागली. पण कुठे? अमेरिकेत, युरोपात. २००० सालच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने जगात ३ कोटी ६१ लाख लोकांना एचआयव्हीची लागण होती, त्यातले २ कोटी ५३ लाख सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. त्या एका वर्षात जगभरात सुमारे ३० लाख माणसं गेली. आणि २००२ संपतानासुद्धा आफ्रिकेत ही औषधं मिळत होती जेमतेम ५०,००० जणांना. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

आकड्यांनी काही कळत नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून एक घरचं सांगतो. आमचं मेडिकल हायवेलगतच्या तालुक्याच्या गावी होतं (नातेवाईक मंडळींना माहीतच आहे, तिथल्या फळीवर बसून सगळ्यांनी कधी ना कधी गोळ्या-औषधं मोजलेली आहेत!). १९९९-२००० च्या सुमारास एक माणूस दादांकडे यायचा. चिठ्ठी पूर्ण महिन्याची असायची, पण घ्यायचा दहा दिवसांचं. मग महिनाभर गायब. दादा त्याला समजावायचे की हे औषध असं तुटक घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं. तो मान हलवायचा आणि पुन्हा दहा दिवसांचंच न्यायचा. पुढे यायचा थांबला. दादांनी कधी चौकशी केली नाही आणि आम्ही त्यांना विचारलं नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. तो माझा नाही, आत्याचा. मी तिला ही ३५० डॉलरची गोष्ट सांगितली तर ती पटकन म्हणाली, "अरे, एवढ्यात देता येत होतं तर मग आधी दहा हजार कशाचे घेत होते?"

उत्तर सोपं नाही. औषध बनवण्याचा खर्च एक आणि औषध शोधण्याचा खर्च दुसरा. शोधायला वर्षं लागतात, दहातले नऊ प्रयत्न वाया जातात, तो पैसा कुठून तरी यावाच लागतो. मूळ संशोधक कंपन्यांचं हे म्हणणं खोटं नाही आणि ते झटकून टाकू नये. पण त्याला दुसरी बाजूही आहे. एझेडटीचा रेणू मुळात १९६४ साली जेरोम हॉर्विट्झ या संशोधकाने अमेरिकेच्या सरकारी पैशावर बनवला होता, कॅन्सरसाठी. तिथे तो चालला नाही म्हणून पडून राहिला. स्टॅव्हुडिनचं पेटंट तर येल विद्यापीठाकडे होतं. म्हणजे शोधाचा पैसा सगळाच काही कंपनीच्या खिशातला नव्हता. आणि दुसरं, आफ्रिकेतल्या गरीब देशांतून या कंपन्यांना उत्पन्न मिळतच नव्हतं, कारण तिथे घेणारंच कुणी नव्हतं. तिथे स्वस्त विकून संशोधन बुडालं असतं असं नाही. भीती वेगळी होती: तिथला भाव इथल्या गिऱ्हाइकाला कळेल. म्हणून मे २००० मध्ये पाच बड्या कंपन्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने सवलती देऊ केल्या त्याही देशागणिक वेगळ्या आणि बंद दाराआड ठरणाऱ्या.

पण मग सिप्लाला हे जमलं कसं? इच्छा झाली म्हणून? इथे आपल्याला बरंच मागे जावं लागेल.

ख्वाजा अब्दुल हमीद हे बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून आलेले गृहस्थ. १९३५ साली त्यांनी मुंबईत कंपनी काढली. 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज', त्याचंच पुढे सिप्ला झालं. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजी कारखाना बघायला आले होते. दोन महिन्यांत युद्ध सुरू झालं.

स्वातंत्र्यानंतरही औषधांच्या बाबतीत आपण परावलंबीच होतो. कारण कायदा १९११ चा, इंग्रजांचा. त्यात औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळे. पेटंटं बहुतेक परदेशी कंपन्यांची, त्या इथे कारखानाही काढत नसत आणि दुसऱ्याला काढूही देत नसत. गरीब देश आणि औषधांचे भाव मात्र जगातल्या सर्वात चढ्या भावांत! हे अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने नोंदवून ठेवलेलं आहे. १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंट कायद्यावर अहवाल दिला. त्या आधारावर १९७० चा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

या कायद्यातली मेख साध्या भाषेत सांगतो. समजा पुरणपोळीवर पेटंट आहे. जुन्या कायद्यात दुसऱ्या कुणी पुरणपोळी करायचीच नाही. नव्या कायद्यात पेटंट पुरणपोळीवर नाही, ती करण्याच्या एका विशिष्ट रीतीवर. तुम्हाला वेगळ्या रीतीने करता आली तर खुशाल करा. आणि औषधांच्या रीतीवरचं पेटंटही जास्तीत जास्त सात वर्षांचं. झालं! आता सगळं कौशल्य 'वेगळी रीत' शोधण्यात. पुढच्या तीस वर्षांत आपल्याकडच्या रसायनतज्ज्ञांनी हेच केलं. एखाद्या रेणूपर्यंत पोचायची दुसरी वाट, कमी पायऱ्यांची, स्वस्त कच्च्या मालाची. परदेशी कंपन्या याला चाचेगिरी म्हणत. इथल्या कायद्याने ते पूर्ण रीतसर होतं.

हमीद यांचा मुलगा युसुफ केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे पीएचडी करून १९६० मध्ये कंपनीत आला. टॉड यांना १९५७ चं नोबेल मिळालं ते न्यूक्लिओटाइडांवरच्या कामासाठी. युसुफ यांच्या प्रबंधाचा विषय वेगळा होता, पण गंमत म्हणजे एझेडटी, लॅमिव्हुडिन, स्टॅव्हुडिन ही सगळी औषधं त्याच रासायनिक कुळातली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेने एझेडटी बनवायची रीत बसवली आणि सिप्लाने ते बाजारात आणलं, परदेशी भावाच्या कितीतरी खाली. पण खपलं नाही. आपल्या रुग्णाला तेही परवडत नव्हतं आणि सरकारचा भर तेव्हा प्रतिबंधावर होता, उपचारावर नाही. इथे एक गोष्ट कळते: औषध स्वस्त झालं म्हणजे रुग्णापर्यंत पोचलं असं नाही. मधे कुणीतरी विकत घेणारं लागतं.

२८ सप्टेंबर २००० ला ब्रसेल्समध्ये युरोपियन कमिशनची बैठक होती. युसुफ हमीद यांना बोलायला काही मिनिटं मिळाली. त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. तीन औषधांचा वर्षाचा डोस ८०० डॉलरला, मोठी खरेदी असेल तर ६०० ला. ज्या देशाला स्वतः औषध बनवायचंय त्याला तंत्रज्ञान फुकट. आणि आईकडून बाळाला होणारी लागण थांबवणारं नेव्हिरापिन फुकट. सभागृहात मंत्री होते, अधिकारी होते, कंपन्यांचे लोक होते. प्रतिसाद जवळपास शून्य.

त्यानंतर जेम्स लव्ह आणि विल्यम हॅडाड या दोन अमेरिकनांनी पाठपुरावा चालू ठेवला. आधीपासूनच त्यांचा एकच प्रश्न होता: खरोखर कमीत कमी किती? त्यातून फेब्रुवारीतला तो ३५० चा आकडा आला.

मला या निर्णयात सर्वात हुशारीची वाटते ती किंमत नाही, तर किंमत उघडपणे जाहीर करणं. तोवर औषधाचा 'खरा भाव' कुणालाच माहीत नव्हता. सिप्लाने तो पेपरात छापून आणला. एकदा आकडा सगळ्यांना कळला की घासाघीस तिथूनच सुरू होते. मार्च २००१ मध्येच मर्कने गरीब देशांसाठी आपल्या दोन औषधांचे भाव ६०० आणि ५०० डॉलरपर्यंत खाली आणले. दक्षिण आफ्रिकेत ३९ कंपन्यांनी तिथल्या १९९७ च्या औषध कायद्याविरुद्ध खटला भरला होता. मंडेलांच्या काळातला कायदा, स्वस्त औषधं आणू देणारा. ५ मार्च २००१ ला प्रिटोरियात सुनावणी सुरू झाली, तिथल्या रुग्ण संघटनांनी रस्ता दणाणून सोडला आणि १९ एप्रिलला कंपन्यांनी खटला मागे घेतला. हे एकट्या सिप्लामुळे झालं असं मुळीच नाही. पण आता 'परवडणारं औषध शक्यच नाही' असं म्हणायची सोय उरली नव्हती.

तंत्राची बाजूही बघण्यासारखी आहे. २००१ मध्येच सिप्लाने ट्रायोम्यून आणलं. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन, तिन्ही एकाच गोळीत, सकाळी एक, रात्री एक. ही तीन औषधं तीन वेगळ्या कंपन्यांची. त्यांच्या देशात तिघांची पेटंटं एका गोळीत येणं म्हणजे तीन भावकीतल्या सातबाऱ्यांवर एकच विहीर खणण्यासारखं! आपल्या कायद्यात ती अडचण नव्हती. रोज मूठभर गोळ्या लक्षात ठेवण्याऐवजी दोन. (सुरुवातीचे १४ दिवस मात्र नेव्हिरापिन अर्ध्या मात्रेत द्यावं लागे, त्यामुळे सरसकट पहिल्या दिवसापासून दोन गोळ्या चालत नसत.) त्याच वर्षी अमेरिकेच्या मदतसंस्थेच्या प्रमुखांनी म्हटलं होतं की आफ्रिकेतल्या लोकांनी घड्याळं पाहिलेली नाहीत, ते वेळेवर औषध कसं घेणार? याला उत्तर मिळालं ते कॅमेरूनमधून. तिथे ६० रुग्णांना हीच गोळी दिली, २४ आठवड्यांनी सुमारे ८० टक्के जणांच्या रक्तातला विषाणू मोजणीच्या खाली गेला होता. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये हा अभ्यास छापून आला. घड्याळ असो नसो, जगायची इच्छा माणसाला वेळ पाळायला लावते.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण इथेच थांबलो तर मीही त्या शेठजींच्या गोष्टी सांगणाऱ्यांतलाच. म्हणून न आवडणारा भागही सांगतो.

पहिली गोष्ट स्टॅव्हुडिनची. ते स्वस्त होतं, पण त्याचे दुष्परिणाम वाईट. हातापायांच्या नसा दुखणं, चेहऱ्यावरची चरबी झडून गाल बसणं, कधी रक्तातलं आम्ल वाढून जिवावर बेतणं. श्रीमंत देश त्यापासून दूर जात होते तेव्हा गरीब देश त्यावर सुरुवात करत होते. शेवटी २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. मग तेव्हा देणं चूक होतं का? मला नाही वाटत. समोरचा माणूस सहा महिन्यांत मरणार असेल तर नसा दुखणारं औषध हे औषधच आहे. पण चांगलं उपलब्ध झाल्यावरही वर्षानुवर्षं तेच देत राहणं मात्र चूक.

दुसरी, मे २००४ ची. जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची एड्सवरची दोन औषधं आपल्या मान्य यादीतून काढली. औषध मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं की नाही याच्या चाचण्या बाहेरच्या एका संस्थेकडून करून घेतल्या होत्या आणि त्या नियमांप्रमाणे झालेल्या नव्हत्या. चाचण्या पुन्हा झाल्या, नोव्हेंबरमध्ये औषधं यादीत परत आली. पण मधल्या काळात खेड्यातल्या एखाद्या डॉक्टरने काय करायचं? स्वस्त औषधावर संशय घ्यायला टपलेलेही होतेच. हेतू चांगला असला की कागदपत्रं ढिली चालतात, असं धंद्यात नसतं. उलट हेतू चांगला असेल तर कागद जास्त चोख हवा.

आणि तिसरी, जी मला सर्वात जास्त टोचते. या गोळीचा भाव फेब्रुवारी २००१ मध्ये जगभर गाजला. भारतात सरकारने मोफत एआरटी सुरू केली १ एप्रिल २००४ ला. सहा राज्यांतली आठ रुग्णालयं, त्यात मुंबईचं जेजे. आपल्याकडे एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये. म्हणजे अठरा वर्षं. कारखाने पाताळगंगेला, कुरकुंभला, गोव्यात वेर्ण्याला, आणि आमच्या हायवेवरचा माणूस दहा दिवसांच्या गोळ्या मोजून नेतोय. हा दोष औषध कंपनीचा म्हणता येणार नाही. पण देशाच्या अभिमानाची गोष्ट सांगताना हा कालावधी गाळू नये. (आणि हो, याच कंपनीचे इतर औषधांच्या भावांवरून आपल्याच सरकारशी वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालले. संतांची कंपनी नसते, कंपनीच असते.)

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेने मान्य केलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येऊ नयेत. जानेवारी २००३ मध्ये बुश यांनी आफ्रिकेसाठी मोठा निधी जाहीर करताना वर्षाचा खर्च १२,००० वरून ३०० डॉलरखाली आल्याचा दाखला दिला. तो आकडा कुठून आला हे आता तुम्हाला ठाऊक आहे! पुढच्या काही वर्षांत, देणग्यांच्या पैशांतून गरीब देशांसाठी घेतलेल्या एड्सच्या औषधांपैकी ८० टक्क्यांहून जास्त भारतीय कारखान्यांतून गेली.

२००५ मध्ये आपला कायदा बदलला आणि रेणूवरचं पेटंट परत आलं. ती पुरणपोळीची वाट नव्या औषधांपुरती बंद झाली. कलम ३(ड) मुळे जुन्याच औषधाला किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळत नाही, ग्लिव्हेकच्या खटल्यात १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. डोल्युटेग्राव्हिरसारखी नवी औषधं आता मूळ कंपनीच्या परवान्याने इथे बनतात. २०२३ मध्ये तीन औषधांच्या रोजच्या एका गोळीचा वर्षाचा भाव ४५ डॉलरच्या खाली गेला आणि त्या वर्षअखेर जगात ३ कोटी ७ लाख लोक उपचारावर होते. मग जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली तेव्हा दवाखाने बंद पडायला लागले. गोळी स्वस्त होती, देणारा हात थांबला. १९९० च्या दशकात शिकलेला धडा पुन्हा एकदा.

तर आत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. २००१ चा निर्णय एका माणसाने घेतला, त्याला धाडस लागलं, ते त्याचं श्रेय. पण तो घेता आला, कारण १९५९ मध्ये कुणी अहवाल लिहिला होता, १९७० मध्ये संसदेने कायदा केला होता, हैदराबादेत कुणी रीत बसवली होती, आणि दम्याच्या-हृदयाच्या औषधांवर कंपनीचं पोट भरत होतं. यातलं एक जरी नसतं तर ब्रसेल्सला उभं राहून सहानुभूतीचं भाषण तेवढं करता आलं असतं. माणुसकी बऱ्याच जणांकडे असते हो. पण वेळ येते तेव्हा ती करता येण्याची ताकद जवळ असावी लागते, आणि ती आयत्या वेळी मिळत नाही.

घरातला एक भाचा यंदा बी.फार्म.ला गेलाय, तो हे वाचेल. त्याला एवढंच सांगेन की बाबा, चाचणीची नोंदवही कंटाळवाणी वाटेल, तरी नीट भर. आणि पेटंट कायद्याचा तास बुडवू नकोस. बाकी गप्पा दिवाळीत.